अंगणातलं गवत

आमच्याकडे एखाद्याच्या अंगणात गवत वाढलेलं दिसलं की त्या घराचं काही खरं नाही असं समजतात. माणसं मुंबईला गेली असणार, नाहीतर म्हातारी वारली असणार, नाहीतर वाटेकऱ्यांची केस कोर्टात लागली असणार. चवथीला चार दिवस घर उघडायला येणारे लोक आधी माणूस लावून अंगणातलं गवत काढून घेतात आणि मग दाराचं कुलूप काढतात. तुम्ही गोव्यातले असाल तर हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

म्हणूनच माझी आते लग्न होऊन इंदूरला गेली आणि काही वर्षांनी तिच्या नवऱ्याने स्वतःच्या हाताने, पदरचे पैसे घालून, घरापुढे गवत लावलं, तेव्हा तिने आजीला पत्रात लिहिलं होतं, "ह्यांनी अंगणात गवत लावले आहे, लोकांना काय सांगू?" ते पत्र आमच्या घरी पुष्कळ वर्षं हसण्याचा विषय होता. आजी तर म्हणायची, पोर सुखात आहे ना तेवढं विचारा, गवताचं मागाहून बघू.

त्या गवतातला अर्धा तुकडा काढून तिथे खडी घातली, त्याची ही हकीकत. खडी हा आमचा शब्द. इंदूरचे मराठी लोक गिट्टी म्हणतात.

२०२४ च्या मे महिन्याची गोष्ट. ७ तारखेला आमच्याकडे लोकसभेचं मतदान झालं, निवडणुकीच्या ड्युटीतून माझी सुटका झाली आणि साहेबांचा मूड बघून मी आठ दिवसांची रजा टाकली. पुण्याला गाडी बदलून इंदुरात उतरलो तेव्हा तिथे मतदान नुकतंच होऊन गेलं होतं आणि ऊन असं होतं की रिक्षाच्या दांडीला हात लावता येत नव्हता. आतेला पाहून चार वर्षं झाली होती. ती आता काठी घेऊन चालते. आतोबा २०१६ मध्ये गेले. घरात आते, दादा, वहिनी आणि कॉलेजात शिकणारा पुतण्या. अशा घरात मी पोचलो तो नेमका भांडणाच्या दुसऱ्या दिवशी.

भांडण लॉनवरून. घरापुढे तीस फूट बाय चाळीस फूट लॉन, एका कोपऱ्यात कडुनिंब. दादा बँकेतला माणूस, त्याने कागदावर हिशेब मांडून ठेवला होता. तो मलाही वाचून दाखवला. बाराशे चौरस फूट म्हणजे एकशे अकरा चौरस मीटर. उन्हाळ्यात गवत हिरवं ठेवायचं तर चौरस मीटरला रोज पाच लिटर तरी पाणी लागतं. म्हणजे दिवसाला साडेपाचशे लिटर. शहरात पाणीपुरवठ्याचं गणित करताना माणशी १३५ लिटर धरतात.

"म्हणजे बघ भिया, आम्ही घरात चार माणसं आणि लॉन म्हणजे अजून चार. त्या चौघांना काही कामधंदा नाही."

त्यांच्या कॉलनीत नळ एक दिवसाआड. घरचं बोअर दोन उन्हाळ्यांपूर्वी आटलं. टँकर मागवायचा तर त्याचं पाणी गवताला घालताना दादाचा जीव कासावीस होई. आणि एवढं करून कडुनिंबाखालचा अर्धा भाग मेमध्ये पिवळाच. त्याचं म्हणणं, झाडाखालचा अर्धा भाग काढू, तिथे सजावटीचे दगड घालू, उरलेल्या अर्ध्यात आईचं लॉन राहू दे. मला तरी त्यात काही वावगं दिसलं नाही. आते मात्र जेवत नव्हती.

इथे जरा मागे जावं लागेल.

आते १९७२ साली इंदुरात आली तेव्हा तिला पहिला धक्का बसला तो पाण्याचा. माळव्याची ख्याती अशी की पावलोपावली पाणी आणि भाकरी मिळणारा हा मुलूख. लग्न ठरताना मध्यस्थांनी हे सांगितलंही होतं. पण शहर वाढलं आणि होळकरांच्या काळात गंभीर नदीवर बांधलेला यशवंत सागर, बिलावलीचा तलाव यांचं पाणी पुरेनासं झालं. परसात विहीर असलेल्या घरातून आलेली मुलगी पहाटे कळशी घेऊन रांगेत उभी राहू लागली. त्या काळात नर्मदेचं पाणी इंदूरला आणावं म्हणून लोकांनी मोठं आंदोलन केलं होतं, आतोबा त्यात मोर्चांना जाऊन आले होते. शेवटी १९७८ मध्ये पाणी आलं. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटर, तेही खालून वर. नर्मदा विंध्याच्या पायथ्याशी, शहर पठारावर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचीला. एवढा चढ पंपांनी चढवून आणलेली नदी. आते सांगते की पहिल्या दिवशी शेजारच्या आजींनी नळाला हळदकुंकू लावलं होतं.

आणि आतोबांनी पुढच्या पावसाळ्यात लॉन लावलं. दुकानातून आणलेलं भारी गवत नव्हे. कुठल्याशा बागेच्या माळ्याकडून दुबेच्या काड्या पोत्यात भरून आणल्या आणि वीत वीत अंतरावर खोचल्या. आते म्हणते, "पाणी आलं म्हणून त्यांना काहीतरी करून दाखवायचं होतं. दुसऱ्या कुणी दारात कारंजं बसवलं असतं."

गवत का, याचंही उत्तर इंदुरातच आहे असं मला वाटतं. लग्नानंतर आतोबांनी तिला दाखवायला नेलेल्या पहिल्या जागांपैकी एक म्हणजे लालबाग राजवाडा, अर्थात बाहेरून. त्याचं लोखंडी फाटक लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या फाटकाच्या नमुन्यावर इंग्लंडमध्ये ओतवून जहाजाने आणलेलं. आतली हिरवळही त्याच गावची म्हणायची. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदूर झाली आणि शहराला लागूनच इंग्रजांची रेसिडेन्सी बसली. बंगला, बंगल्यापुढे हिरवळ, हिरवळीवर वेताच्या खुर्च्या. ज्या देशात बाराही महिने बुरबुर पाऊस पडतो तिथे गवत न लावता उगवतं, ते कापलं की लॉन. माळव्यात पाऊस पडतो तो चार महिने, आमच्या पणजीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. उरलेले आठ महिने ती हिरवळ माणसाच्या मनगटावर जगते. पण मोठेपणाची खूण एकदा डोळ्यांत बसली की हिशेब कोण करतो? आमच्याकडे पोर्तुगीज साडेचारशे वर्षं राहिले आणि बाल्कांव ठेवून गेले. लॉन मी पहिल्यांदा पाहिलं ते हॉटेलात.

तर आतेला हे गवत अनेक वर्षं खटकत राहिलं. तिने कुंडीत तुळस लावली आणि कुंडीभोवती हातभर जागा गवत खुरपून मोकळी ठेवली. तेवढ्यावर ती शेण सारवायची, तेवढाच तिचा गोवा. मग एका वर्षी चवथीच्या आदल्या दिवशी दूर्वा मिळेनात, आणि आतोबा म्हणाले, "अंगणात काय लावलंय मग मी?" दूब म्हणजेच हरळी, हरळी म्हणजेच दूर्वा. आतेच्या हे इतक्या वर्षांत लक्षातच आलं नव्हतं, कारण कापलेल्या लॉनमध्ये दूर्वेची काडी दिसतच नाही. वर तीन पानं यायची तर तिला वाढू द्यावं लागतं. आतोबा देवधर्माच्या फंदात पडणारे नव्हते. पण त्या वर्षापासून श्रावण लागला की कुंपणाकडची एक पट्टी ते कापत नसत. का, ते कधी बोलले नाहीत. भाद्रपदात आते तिथे पाट घेऊन बसे आणि एकवीस जुड्या काढी. पुढे ती इंदुरात माटोळीसुद्धा बांधू लागली. माटोळीला रानातलं काय मिळणार तिथे? मक्याची कणसं, काकड्या, कवंडाळाच्या जागी दोडकी. पण दूर्वा घरच्या.

आणि दादा जो अर्धा भाग काढायला निघाला होता त्यात ती पट्टी होती.

हे मला आतेने सांगितलं ते मी पोचल्यावर तिसऱ्या दिवशी, ताट पुढ्यात घेऊन. दादाला हे माहीत होतं का? नव्हतं. त्याच्या लेखी बाबांचं यंत्र कुंपणाच्या तारेत अडकायचं म्हणून ती पट्टी राहायची. एकाच घरात पन्नास वर्षं काढून माणसांना एकमेकांची एवढी माहिती असते. मी मध्ये पडलो, दादाला सांगितलं, तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "पण पाणी कुठून आणू ते सांग." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आतेकडेही नव्हतं. तिने दुसऱ्या दिवशी जेवताना "कर तुला काय करायचं ते" म्हणून टाकलं.

दगड आले आणि भांडण पुन्हा पेटलं!

पुतण्याने मोबाइलवर क्योटोच्या र्योआनजी मंदिरातली बाग दाखवली होती. पांढऱ्या वाळूखडीत पंधरा दगड, पाण्याचा थेंब नाही, दाताळ्याने ओढलेल्या रेघा म्हणजेच लाटा. त्याने असंही सांगितलं की अमेरिकेत नेवाडा राज्याने २०२१ मध्ये कायदाच केला, सरकारी कचेऱ्या, दुकानं, रस्त्याकडेच्या जागा इथलं नुसतं शोभेचं गवत काढून टाका म्हणून. दादा यामुळे फुशारून गेला होता. नर्सरीवाल्याने सुचवले गोल गुळगुळीत गोटे, अंड्याएवढे, नमुन्याची दोन पोती टेम्पोतून आली. आतेने सहज विचारलं, कुठले दगड? टेम्पोवाला मोठ्या अभिमानाने म्हणाला, "नर्मदाजी के हैं, माताजी."

झालं. आतेने एक गोटा उचलला. काळसर, लांबट, मधून पांढरी शीर, जानव्यासारखी. तो तिने धुतला आणि तुळशीत ठेवला. मग दुसरा. मग पोत्याशेजारी खुर्ची घेऊन ती एकेक दगड बघत बसली.

वाचकहो, पंचायतन ज्यांच्या देवघरात आहे त्यांना यातली मेख कळेल. विष्णू म्हणून गंडकीचा शाळिग्राम, गणपती म्हणून शोण नदीचा तांबडा दगड आणि शिव म्हणून नर्मदेचा बाण. बाणाला प्राणप्रतिष्ठा लागत नाही, तो नदीतून निघतो तोच देव म्हणून. खरगोन जिल्ह्यात बकावा नावाचं गावच आहे, तिथे नर्मदेतल्या दगडांची शिवलिंगं घडवतात. नर्मदेतला खडा न खडा शंकर, असं त्या मुलखातलं शेंबडं पोरही सांगेल. आमच्या देवघरातला बाण आतेनेच एका खेपेला रुमालात बांधून आणून दिलेला. आता तसले चार टन शंकर अंगणात पसरायचे आणि त्यावरून चप्पल घालून जायचं?

दादा चिडला. त्याचा मुद्दा बिनतोड होता. "आई, नर्मदेचं पाणी आपण संडासात ओततो. ते चालतं?"

आते म्हणाली, "पाणी वाहून जातं. दगड इथेच राहणार. मी रोज त्यांच्यावर काठी टेकणार."

मी देवभोळा माणूस नाही. पण मी आतेच्या बाजूने बोललो, तेही वेगळ्याच कारणाने. त्याच संध्याकाळी मी त्या गोट्यांवर चार पावलं चालून बघितलं होतं. गोल दगड पायाखाली गडगडतात. काठी तर त्यात शिरतच जाते. नदीने हजारो वर्षं घासून गोल केलेला दगड दुसऱ्या दगडाला धरून राहत नाही. खाणीतल्या फोडलेल्या खडीला कोपरे असतात, ते एकमेकांत अडकतात, म्हणून रस्त्याला ती घालतात. शिवाय नदीच्या पात्रातून उपसून विकायला आणलेल्या वस्तूबद्दल मला जरा शंकाच असते, आमच्याकडे रेतीचं काय झालं ते आपण पाहिलंय. हे सगळं मी दादाला सांगितलं. तो म्हणाला, "तू सरकारी माणूस, तुझं खरं मानतो." पोती परत गेली. तुळशीतले सात दगड राहिले, त्यांचे पैसे वहिनीने गुपचूप दिले.

मग काळी खाणीची गिट्टी ठरली, बारीक, दहा-बारा मिलिमीटरची. सहाशे चौरस फुटांवर दोन इंच थर म्हणजे शंभर घनफूट, बरोबर एक ब्रास. दादा हा हिशेब बघून एवढा खूश झाला की जणू परमेश्वराचीच मंजुरी मिळाली. पायरीपासून कडुनिंबाखालच्या बाकापर्यंत तीन फूट रुंद कोटा फरशीची वाट, आतेसाठी. काळी खडी उन्हात तापते, पण ती बाजू बहुतेक सावलीतली. काम सुरू झालं त्या सकाळी आते उठून देवळात गेली ती बारा वाजेपर्यंत आली नाही. मजुरांनी कुदळीने गवताचे तुकडे उचलले. खाली माळव्याची काळी माती, उन्हाने भेगाळलेली, भेगेत हाताचा पंजा जाईल एवढी. मी एक ढेकूळ हातात घेतलं तर त्याच्या तळाशी मुळांचं जाळं होतं, केसांसारखं. पंचेचाळीस वर्षांचं. मला उगाच चोरी केल्यासारखं वाटलं.

आणि तसं वाटायला कारणही आहे. २०१९ साली मी आमच्या फोंड्याच्या घरापुढच्या अंगणात पेव्हर घातले. गाडी लावायला. तेव्हा कोणी जेवण सोडलं नाही, कोणी भांडलं नाही. आईने एवढंच म्हटलं की वृंदावनाभोवती चौकोन सोड. मी सोडला, अडीच फूट. आता जूनमध्ये अंगणातलं पाणी पन्हळीतून पडावं तसं रस्त्यावर जातं. पूर्वी ते मुरायचं, मातीचा वास यायचा, तुळशीच्या लग्नाआधी नवी माती घालून चोपणं व्हायचं. आतेचं अर्धं लॉन काढायला मी दादाला पाठिंबा दिला तेव्हा माझं सगळं अंगण मी आधीच काढून बसलो होतो. हे मी तिथे कोणाला सांगितलं नाही.

बाकी माझी रजा संपली, मी परतलो. पुढचं फोनवर कळलं. ज्याने काम केलं त्याने खडीखाली प्लॅस्टिकचा कागद अंथरला होता, गवत परत उगवू नये म्हणून. जुलैत पाऊस लागला आणि कागदावर पाणी साचलं. खडीचं तळं झालं, त्यात डास. काळी माती मुळात पाणी लवकर पिऊन घेत नाही, वर कागद. एकीकडे १४ जुलैला इंदुरात एका दिवसात अकरा लाखांहून जास्त झाडं लावून विक्रम झाला, आणि दुसरीकडे दादा विजार गुडघ्यापर्यंत दुमडून अंगणातली खडी घमेल्याने बाजूला काढत होता. कागद काढला, मुरमाचा थर दिला, वर पाणी झिरपेल असं विणलेलं कापड आणि मग पुन्हा खडी. कापड नुसतं काढून खडी मातीवर टाकली असती तर चिखलाने एका पावसाळ्यात ती गिळली असती. दुप्पट खर्च झाला. वर वहिनीची तक्रार आहेच, निंबोळ्या आणि पानं खडीतून झाडूने निघत नाहीत, बसून वेचावी लागतात. दगडाला देखभाल लागत नाही असं ज्याने सांगितलं त्याला एकदा तिच्यापुढे उभा करायला हवा.

पाणी मात्र निम्मं वाचलं. त्याबद्दल वाद नाही. आतेही आता ते मान्य करते. संध्याकाळी फरशीवरून बाकापर्यंत जाते, उरलेल्या अर्ध्या लॉनकडे तोंड करून बसते.

ऑगस्टच्या शेवटी दादाचा फोन आला. खडीतून गवत वर आलंय. कापडाच्या जोडातून, फरशीच्या कडेने, आणि सर्वांत जास्त कुंपणाकडून. हरळीची मुळं कोणी पूर्ण काढू शकलाय का? एक पेर राहिलं तरी पुरतं. माळी औषध मारतो म्हणाला होता. आतेने सांगितलं, चवथ होईपर्यंत हात लावायचा नाही.

७ सप्टेंबरला सकाळी आमची पूजा व्हायची होती तेव्हा मी इंदूरला व्हिडिओ कॉल लावला. पुतण्याने फोन अंगणात नेला. आते खडीत पाट टाकून बसली होती, काठी बाजूला आडवी. काळ्या दगडांतून दूर्वा चांगली वीतभर लांब आल्या होत्या, कोणी कापल्या नव्हत्या ना. मी विचारलं, एकवीस झाल्या का?

"सतरा झाल्या," ती म्हणाली. "थांब, मोजताना बोलू नकोस."